खाली झुकणारी गाडी

ठेकेदारांची ऑर्डर सहाव्यांदा बदलून आली तेव्हा तळटीपरावांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. बुधवारचे अकरा वाजले होते. चारच्या ठोक्याला कारखाना या आठवड्याच्या ऑर्डरी बंद करणार होता. त्यानंतर इंजिन तर सोडाच, सीटवरच्या दोऱ्याचा रंगही बदलता येत नसे. आणि जो आज राहील, त्याचा नंबर थेट पाच महिने मागे.

तळटीपराव हे नाव त्यांना शोरूममधल्या विक्रेत्यांनी दिलेलं. गाडीच्या कॅटलॉगमध्ये लोक चित्रं बघत. हे पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं आधी वाचत. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ते इथे स्पेअर पार्टच्या काउंटरवर लागले, तेव्हा ही जागा म्हणजे पत्र्याची शेड होती. आता ती काचेची झाली, कॉफीचं यंत्र आलं, दारात वास मारणारी फुलं आली. तळटीपराव मागच्या बिनखिडकीच्या खोलीत होते तिथेच राहिले. विक्रेत्याने घेतलेली ऑर्डर तपासायची आणि कारखान्याला पाठवायची, एवढंच त्यांचं काम. निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

या खोलीतून ते पूर्वी दिवसातून एकदोनदा तरी बाहेर यायचे, ते वाचनासाठी. त्याचं असं झालं होतं की एका उंचच्या उंच हॉकी प्रशिक्षकाने हौसेने काचेचं छप्पर मागवलं. त्या छपराने आतली उंची चार बोटं कमी होते, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सहा महिन्यांनी गाडी आली आणि पठ्ठ्याचं डोकं वर टेकायला लागलं. महिनाभर तो रोज शोरूममध्ये यायचा आणि मान वाकडी करून उभा राहायचा. भांडायचा नाही, नुसता उभा. तेव्हापासून तळटीपरावांनी प्रथाच पाडली. सही करण्याआधी गिऱ्हाइकासमोर बसायचं, ऑर्डर ओळ न् ओळ मोठ्याने वाचायची, प्रत्येक ओळीला ‘हो’ म्हणवून घ्यायचं.

दोन वर्षांपूर्वी नव्या मॅनेजरबाई आल्या आणि वाचन बंद झालं. बाईंनी निरीक्षण केलं होतं : वाचून दाखवलं की लोक भानावर येतात आणि मसाजची सीट, रंग बदलणारे दिवे असलं काहीबाही कमी करतात. आता गिऱ्हाईक टॅबलेटवर बोटाने सही करायचं. गिऱ्हाइकांचे फोन नंबरही मागच्या खोलीला दिसेनासे केले होते.

ठेकेदारांची पहिली ऑर्डर तीन आठवड्यांपूर्वीची. हा माणूस पाण्याच्या पाइपलाइनी टाकणारा, उभी हयात खड्ड्यांच्या काठावर काढलेली. तो आला तो आईला घेऊन, चाकाच्या खुर्चीतून. आजींच्या खुब्याची दोन ऑपरेशनं झाली होती. घरच्या बुटक्या गाडीत त्या बसत, पण त्यातून उठता येत नसे. उंच गाडीत पायच चढत नसे. दीड वर्षात त्या फक्त इस्पितळात गेल्या होत्या, त्याही रुग्णवाहिकेतून. चार तासांच्या वाटेवर त्यांची धाकटी बहीण राहायची. दोघी दीड वर्षं फोनवरच भांडत होत्या.

“दार उघडलं की खाली झुकणारी गाडी असते म्हणे,” ठेकेदार म्हणाले होते. “ती द्या. बाकी मला काही कळत नाही.”

ही सोय कुठे लिहिली आहे ते विक्रेत्याला सापडेना. या विक्रेत्याला सगळे हिरो म्हणत. केस तसे होते. म्हणून तळटीपरावांना बोलावलं गेलं. ते मोजपट्टी घेऊनच आले.

“आजी, सहज जमेल तेवढाच पाय उचला. हट्टाने नको.”

“हट्टाने उचलला असता तर तुझ्या डोक्यावर ठेवला असता,” आजी म्हणाल्या आणि पाय उचलला. अडतीस सेंटीमीटर.

गाडीची पायरी त्रेचाळीसवर होती. तळटीपरावांनी बटण दाबलं. गाडीने सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला आणि छत्तीसवर आली. आजी चढल्या. आत बसल्या त्या वीस मिनिटं उतरेचनात. काचेतून रस्त्यावरची रहदारी बघत बसल्या.

त्या दिवशीची ऑर्डर सरळ होती : सहा सिलेंडरचं डिझेल इंजिन, वीस इंची चाकं, खाली झुकण्याची सोय. तळटीपरावांनी कागदाच्या कडेला पेन्सिलने लिहिलं, ‘आजी – ३८’.

पण मग ऑर्डरीला फाटे फुटले. ठेकेदारांच्या मुलीला काचेचं छप्पर हवं झालं. बायकोला फिकट चामडं. जावयाला मागच्या सीटवर पडदे आणि बावीस स्पीकर. तिथपर्यंत ठीक होतं. पण जावयाने सासऱ्यांना आठ सिलेंडरच्या गाडीतून एक चक्कर मारून आणली, आणि ठेकेदार उतरले ते निराळेच. “काय आवाज आहे हो! छातीत जाणवतो,” असं ते कॉफीच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगत होते.

आता आठ सिलेंडर घेतलं की स्पोर्ट पॅक गळ्यात पडतो. स्पोर्ट पॅक आला की त्याच्याबरोबर बावीस इंची चाकं. आणि बावीस इंची चाकं आली की गाडी खाली झुकत नाही. झुकली तर चाक वरच्या पत्र्याला घासेल. कॉम्प्युटर हे ओरडून सांगत नाही. तो ती सोय गुपचूप काढून टाकतो आणि खाली करड्या अक्षरांत लिहितो : ‘निवडीनुसार एक बाब वगळली आहे.’

तळटीपराव ती करडी ओळ बघत बसले. ज्याच्यासाठी गाडी घ्यायची तेच गेलं होतं आणि पडदे शाबूत होते.

त्यांनी हिरोला गाठलं. “अहो, आजी गाडीत चढू शकणार नाहीत.”

“सांगतो, सांगतो.”

“केव्हा सांगता?”

“काका, सांगतो म्हणालो ना!”

एक वाजता त्यांनी पुन्हा विचारलं.

“सांगितलं की! ते म्हणाले चालेल.”

“नेमकं काय सांगितलंत?”

“हेच, की सस्पेन्शनमध्ये किरकोळ फरक पडेल.”

तळटीपरावांनी कपाळाला हात लावला. “किरकोळ?”

“मग काय, सात सेंटीमीटर! काका, एवढी तर तुमची मोजपट्टी हलते.”

ते मॅनेजरबाईंकडे गेले. बाईंनी स्क्रीनवरून नजर न काढता ऐकून घेतलं. “गिऱ्हाइकाने स्वतः निवडलंय ना?”

“निवडलंय, पण काय निवडलंय ते त्यांना ठाऊक नाही.”

“ते सही करताहेत. सहीचा अर्थ वाचलं असा होतो.” मग जरा मऊपणे, “तुम्ही मनाला फार लावून घेता. वर्षाला आठ सिलेंडरच्या चार गाड्या विकायच्या आहेत मला. ही तिसरी. तुम्ही फक्त पाठवा.”

डबा उघडला तरी घास जाईना. कारखान्याच्या मदत क्रमांकावर त्यांनी पंचवीस मिनिटं बासरी ऐकली. मग एका मुलीने सांगितलं की शंका असल्यास विक्रेत्याशी बोला. शेवटी त्यांनी बायकोला फोन लावला. ती परिचारिका म्हणून निवृत्त झालेली; हळहळणं तिला ठाऊक नव्हतं.

“तुम्ही त्या माणसाला सांगितलंत का?” तिने विचारलं.

“मॅनेजरला सांगितलं. विक्रेत्याला दोनदा—”

“मी काय विचारतेय? गाडीत मॅनेजरची आई बसणार आहे का?”

“मला गिऱ्हाइकाशी बोलायची परवानगी नाही.”

“बरं. मग जेवून घ्या,” असं म्हणून तिने फोन ठेवला. हे तिचं ठरलेलं. शिवी दिली असती तर बरं, असं त्यांना नेहमी वाटायचं.

तीनला दहा कमी असताना ठेकेदार आणि जावई आले. हिरोने टॅबलेट पुढे केला. ठेकेदारांनी सहीसाठी बोट पँटला पुसलं, तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं. तळटीपराव छापील ऑर्डर घेऊन आले आणि न विचारता खुर्ची ओढून बसले.

“ही वाचून दाखवतो. प्रत्येक ओळीला हो म्हणायचं.”

“काका, त्याची गरज नाहीये,” हिरो दात दाखवत म्हणाला.

“दहा मिनिटं लागतील. इंजिन, आठ सिलेंडर, पेट्रोल.”

“हो!” ठेकेदार खूश होऊन म्हणाले.

“चाकं, बावीस इंची, काळी.”

“हो.”

“सीटमधला मसाज, पुढे दोन्हीकडे.”

“हा कुणी घातला?”

“आईंनी,” जावई म्हणाला. सासूबाईंना तो आईच म्हणे.

“तिला कशाला मसाज? बरं, हो.”

काचेच्या केबिनमध्ये मॅनेजरबाई उभ्या राहिल्या होत्या. तळटीपरावांनी तिकडे कानाडोळा केला. छप्पर, पडदे, स्पीकर, चामडं. मग ते थांबले. पुढचं कागदावर नव्हतंच. ते पदरचं बोलले.

“दार उघडल्यावर गाडी खाली झुकण्याची सोय, नाही.”

“हो,” ठेकेदार म्हणून गेले, आणि मग, “नाही म्हणजे?”

“या चाकांबरोबर ती मिळत नाही. ही चाकं या इंजिनाबरोबर घ्यावीच लागतात.”

“मग आई चढणार कशी?”

जावयाने घसा साफ केला. “बाबा, आपण एक छोटं स्टूल ठेवू. फोल्डिंगचं.”

“स्टूल!” ठेकेदारांचा तिळपापड झाला. “दोन वेळा खुबा कापलेल्या बाईला तुम्ही स्टुलावर चढवणार, जावईबापू? आधी तुम्ही चढून दाखवा!” मग त्यांचा रोख तळटीपरावांकडे वळला. “आणि तुम्ही! तुम्हीच मोजलं होतंत ना? तीन आठवडे काय झोपला होतात? मी रोज येतोय इथे!”

तळटीपरावांच्या ओठांवर पुष्कळ आलं. हिरो त्यांच्याकडे बघत होता, बाई बघत होत्या. “आज सांगितलं,” ते म्हणाले. “अजून पन्नास मिनिटं आहेत.”

ठेकेदारांनी आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“आई, ऐक. एक भारी इंजिन आहे, पण त्याला ती झुकायची भानगड नाही. दुसऱ्याला आहे.”

“मग तुला आवडतं ते घे की.”

“अगं, पण तुला चढता येणार नाही!”

“मी कुठे जातेय रे आता? घरात पंखा आहे, टीव्ही आहे. तू घे. एवढं राबलास.”

“मावशीकडे जायचं म्हणत होतीस ना?”

“ती येईल की कधीतरी. आली नाही तर कटकट वाचली. ठेवू? दूध उतू जातंय.”

फोन बंद झाला. ठेकेदार हताश होऊन खुर्चीत मागे रेलले. ती ‘मला न्या’ म्हणाली असती तर भांडता आलं असतं. ‘नको’ म्हणाली असती तरी भांडता आलं असतं.

“तुम्ही सांगा,” ते तळटीपरावांना म्हणाले. “तुम्ही असता तर काय केलं असतं?”

“ते मला सांगता येत नाही. गाडी तुमची आहे.” तळटीपरावांनी जुनी पहिली ऑर्डर टेबलावर ठेवली. “मला एवढंच ठाऊक आहे, त्यांचा पाय अडतीसवर उठतो. ही पायरी त्रेचाळीसवर आहे, आणि ही छत्तीसवर.”

“सर, डिझेलचा तो आवाज नाही हं,” हिरो घाईने म्हणाला. “परत विकताना किंमतही—”

“गप्प बसा हो जरा.”

बाहेर कुणीतरी आठ सिलेंडरची गाडी चाचणीसाठी चालू केली. काचा थरथरल्या. ठेकेदारांनी डोळे मिटले आणि गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत उघडले नाहीत. मग टेबलावर जोरात हात मारला. “करा डिझेल. पटकन करा, नाहीतर माझं मन फिरेल.”

जावई तोंड पाडून फोनमध्ये शिरला. हिरो उठून गेला. तळटीपरावांनी इंजिन बदललं तशी एकेक निवड कोसळत गेली. फिकट चामडं गेलं, ते परत आणलं; स्पीकर गेले, ते आणले. बदलाला मॅनेजरची मंजुरी लागते म्हणून ते केबिनपाशी जाऊन उभे राहिले. बाईंनी त्यांना सहा मिनिटं उभं ठेवलं. मंजुरी देताना म्हणाल्या, “उद्या सकाळी आपण बोलू. तुमच्या खुर्चीबद्दल.”

“बोलू,” ते म्हणाले. मग ते ठेकेदारांकडे परतले.

चारला अकरा मिनिटं असताना ठेकेदारांनी सही केली. ऑर्डर गेली. त्यांनी तळटीपरावांचे आभार मानले नाहीत, त्यांच्याकडे पाहिलंही नाही. फोन कानाला लावून ते दाराकडे निघाले होते आणि एवढ्या मोठ्याने बोलत होते की फुलांपाशी बसलेली माणसंसुद्धा वळून बघत होती.

“घेतली. हो, झुकणारीच. डिझेल... नाही आवाज तिला, ट्रॅक्टर परवडला!... तू काय म्हणालीस ते मी ऐकलं, आता मी म्हणतो ते ऐक. गाडी आली की तू मावशीकडे जायचंस. नाही नाही, विचारत नाहीये, सांगतोय. पाऊस असो नाहीतर काही असो... अगं, भांडायचं तर तिथे जाऊन भांड! आठ सिलेंडरवर पाणी सोडलंय मी, तू घरात टीव्ही बघत बसलीस तर बघच!”

दार बंद झालं तरी काचेपलीकडे त्यांचा हात हवेत हलताना दिसत होता.