केटिलचं घड्याळ

उत्तर आइसलंडमधल्या आमच्या खाडीकाठच्या गावात केटिलइतकं मनापासून जळणारं माणूस दुसरं नाही. मासळीच्या कारखान्यात तो आणि तोर्फी शेजारी उभे राहून कॉड साफ करतात. गावातले सगळ्यांत तगडे बुद्धिबळपटूही हेच दोघे. तोर्फीचा स्वेटर केटिलला खुपतो, तोर्फीचे केस खुपतात (त्याला स्वतःला ते नाहीत), आणि सगळ्यांत जास्त खुपतं ते हे, की बघे कायम तोर्फीच्या खुर्चीमागे गर्दी करतात. त्यात केटिलची बायको उन्नुरसुद्धा!

"अरे, तिथून पट नीट दिसतो," ती म्हणते.

"आणि माझ्या मागून काय, समुद्र दिसतो?"

गावचा चषकही वर्षानुवर्षं तोर्फीच्याच खिडकीत. केटिल भांडी घासतो तिथून नेमका समोर दिसतो.

यंदा शेवटच्या फेरीत दोघांची गाठ पडली. जिंकेल त्याचा चषक. केटिल असा खेळला की विचारू नका! दोघांचाही वेळ संपत आलेला, आणि याने हत्ती बळी देऊन तोर्फीच्या राजाला पार कोंडीत धरलं. बघे थक्क. ते थक्क चेहरे डोळे भरून पाहायला केटिलने मान वर केली, आणि चाल झाल्यावर घड्याळाची कळ दाबायची असते, ती विसरला. वेळ त्याचाच जाऊ लागला, आणि तो संपला की डाव हरला. बघ्यांनी बोलायचं नसतं. उन्नुरने तर स्वतःच्या तोंडात पॅनकेक कोंबला. प्रतिस्पर्ध्यानेही सांगायलाच हवं असं नाही. गप्प बसलं की डाव फुकटात खिशात.

तोर्फी खाकरला. "केटिल, अरे घड्याळ!"

केटिलने दचकून कळ दाबली. थोड्याच चालींत तोर्फीने हार मानून हात पुढे केला. टाळ्यांचा कडकडाट झाला, तो तोर्फीसाठी. "काय मन आहे हो या माणसाचं!" म्हणत क्लबच्या अध्यक्षबाईंनी डोळे टिपले. उन्नुर तोर्फीच्या बशीत पॅनकेक वाढत होती.

"अगं, जिंकलो मी!" केटिल घरी जाताना ओरडला.

"हो रे राजा. पण तो हरला किती छान!"

चषक आता केटिलच्या खिडकीत आहे. तोर्फी रोज सकाळी समोरून कौतुकाने हात करतो, आणि केटिलच्या घशाखाली कॉफी उतरत नाही. आता त्याची एकच आस आहे: तोर्फीनेही कधीतरी कळ दाबायला विसरावं. "तोर्फी, अरे घड्याळ!" हे वाक्य तो कॉड साफ करताना वेगवेगळ्या सुरांत, मोठ्या मनाने म्हणून बघतो. पण तोर्फी मेला विसरेल तर शपथ! परवाच्या डावात केटिल त्या कळीवर असा टक लावून बसला, की स्वतःचा वजीर कधी गेला ते त्याला कळलंच नाही.