क्लचवायरचा फास

औंधजवळच्या उजाड माळावर आम्ही काही जणांनी झाडं लावली, चर खणले. हळूहळू तिथे ससे, मोर, तरस दिसू लागले. पगार कुणालाच नाही; ज्याला जमेल त्याने रविवारी यायचं. मी सांगलीहून एसटीने जायचे. फौजेत खेचरं सांभाळून आलेल्या सुभेदारांनी वरातीच्या कामातून सुटलेली एक म्हातारी घोडी आणली होती. माळ बघायला आलेल्या माणसाला तिच्यावर बसवून पायवाटेने सावकाश फिरवायचं.

त्या दिवशी माधवनगरच्या एक आजी बसल्या होत्या. लगाम सुभेदारांच्या हातात, शेजारी मी.

"घोड्यावर नवरदेवानंच बसायचं. आमी कवा बसणार?" म्हणून आजी हसत होत्या.

वळणावर घोडी अचानक अडखळली आणि जोरात खिंकाळली. आजी माझ्या अंगावर कलल्या. त्यांना कसंबसं उतरवलं. सुभेदार खाली बसले. घोडीच्या खुराच्या वर मोटारसायकलची क्लचवायर रुतली होती. दुसरं टोक झुडपाच्या बुंध्याला बांधलेलं. त्यांनी फास सोडवला.

मग आम्ही बाकीची झुडपं धुंडाळली. आणखी फास निघाले. एकात तरस अडकून मेलं होतं. भोवतीची माती नखांनी उकरलेली. इतकी वर्षं आम्ही ज्याला अभयारण्य म्हणत होतो, ते हे?

सुभेदारांनी वायरीची गाठ निरखून पाहिली. गाठ ओळखीची निघाली, तसे ते तडक माळाखालच्या शेतात, आपल्या थोरल्या भावाकडे निघाले. मी मागोमाग.

"व्हय, मीच लावलं," मक्याला पाणी पाजणारे दादा म्हणाले. "तुमची झाडी वाढली तवापासनं डुकरं लय माजल्यात. मका पार लोळवत्यात. रानात राबतंय कोण, तुमी का मी?"

चोरट्या शिकाऱ्याला सुनावायचं ते सगळं माझ्या मनात तयार होतं. पण समोर मक्याच्या ओळीच्या ओळी आडव्या पडल्या होत्या.

सुभेदारांनी रक्ताने माखलेला हात पुढे केला. "घोडी अडकली, दादा. वर म्हातारं माणूस हुतं."

दादांच्या हातातलं खोरं गळून पडलं. "माणसं फिरत्यात तिकडनं? मला ठावं न्हवतं रं."

ते आमच्याबरोबर वर आले आणि उरलेले फास स्वतः काढले. तरसापाशी मात्र टोपी हातात घेऊन बसून राहिले.

घोडीची जखम भरली, पण लंगडणं राहिलं. तिच्यावर आम्ही परत कुणाला बसवलं नाही. आता कणसं भरली की आम्ही पाळीपाळीने दादांचा मका राखायला जातो. दादा चहा देतात.