मामांचे ‘साहेब’ आणि त्यांचा डावा डोळा

आमच्या थोरल्या मामांइतका गंभीरपणे वेडेपणा करणारा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. अंबडच्या एका कारखान्यात ते तयार माल तपासायच्या खात्यात होते आणि तपासणी अंगात इतकी मुरली होती, की घरातली कुठलीही वस्तू मोजल्याशिवाय त्यांच्या गळ्याखाली उतरत नसे. खिशात कायम स्टीलची छोटी पट्टी. मामीने पोळी वाढली की ती उजेडाकडे धरून म्हणायचे, “कडेला जाड आहे. पण चालेल, पास.” माझ्या साखरपुड्यात होणाऱ्या सासऱ्यांसमोर त्यांनी जिलबीच्या वेटोळ्यांची जाडी मोजली होती, आणि लग्न तरीही झालं, यात माझ्या सासऱ्यांचा मोठेपणा आहे.

पण मी सांगतेय ती गोष्ट त्याआधीची, नव्वदीच्या दशकातली. मी कॉलेजसाठी मामांकडे सिडकोत राहत होते. कारखान्याच्या आवारात बाभळी तोडल्या, त्यातल्या एका फांदीला चिकटून राहिलेला सरडा मामांनी डब्यात घालून घरी आणला. कुंपणावर मान हलवणारा साधा सरडा नव्हे. शेपटीची गुंडाळी करणारा, रंग बदलणारा आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. मामांनी त्याचं नाव ठेवलं ‘साहेब’. “आमच्या साहेबांसारखाच आहे. एक डोळा कामगारावर, दुसरा घड्याळावर.”

गॅलरीतल्या जास्वंदीवर साहेबांचा मुक्काम पडला. मामा रोज त्यांची लांबी वहीत लिहायचे, नाकतोडे पकडून आणायचे, वाटीत गाळलेलं पाणी ठेवायचे. मामीने मात्र जाहीर केलं, “ते ध्यान घरात आहे तोवर मी गॅलरीत पाऊल टाकणार नाही.” कपडे वाळत घालायचं काम माझ्याकडे आलं.

महिनाभरात एके सकाळी साहेबांचा डावा डोळा उघडेना. तुरीच्या दाण्याएवढा सुजला. नेम धरायला दोन्ही डोळे लागतात. एका डोळ्याने जीभ फेकली की नाकतोडा एकीकडे, जीभ दुसरीकडे. तीन दिवस पोटात काही नाही. अंग राखेसारखं फिकं पडलं. शेजारच्या आजींनी गुलाबपाणी सुचवलं, खालच्या दुकानदाराने मध. मामांनी कुणाचं ऐकलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, मला स्कूटरवर मागे बसवलं, मांडीवर भोकं पाडलेला बुटांचा खोका दिला आणि आम्ही गुरांच्या दवाखान्यात गेलो.

पुढे एक म्हैस, मागे दोन शेळ्या. म्हातारे डॉक्टर खोक्यात डोकावले. “अहो, आयुष्य म्हशी तपासण्यात गेलं. ह्याच्या डोळ्यात मी बघू कुठून?”

“पापणीच्या मधलं छिद्र दीड मिलिमीटर आहे. मी मोजलंय,” मामा म्हणाले.

डॉक्टर पोट धरून हसले. मग भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिले. “पाणी कसं देता?”

“वाटीत. रोज ताजं.”

“वाटीतलं पाणी ह्याला कळतच नाही हो. हा पानावरचे थेंब पितो. महिनाभर तहानलेला आहे बिचारा. डोळा कोरडा पडला, त्यात कण अडकला.”

त्यांनी सलाईनच्या पाण्याने डोळा हलकेच धुतला आणि सकाळ-संध्याकाळ पाणी फवारायला सांगितलं. परतीच्या वाटेवर मामा म्हणाले, “सगळं मोजलं गं. त्याला काय हवं, ते विचारलंच नाही.”

घरी त्यांनी फवारायला घेतलं, तर पाणी पानांवर कमी आणि त्यांच्याच अंगावर जास्त. मामी दारात उभी राहून बघत होती. “सरका. तुमच्याच्यानं व्हायचं नाही.” त्यांच्या हातातली इस्त्रीची फवाऱ्याची बाटली घेत ती गॅलरीत आली. पानांवरून थेंब ओघळले आणि साहेब हावरटासारखे ते चाटायला लागले. मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. “किती तहान लागली होती रे तुला!”

पाचव्या दिवशी साहेबांनी डोळा फुगवला, फांदीवर घासला, आणि विटेचा बारीक कण बाहेर पडला. आणखी चार दिवसांनी पहिला नाकतोडा टिपला. मामा टाळ्या वाजवत होते. मामी म्हणाली, “आता सोडून या त्याला. बरा झालाय, तर त्याच्या जागी जाऊ दे.”

त्र्यंबक रस्त्याला करवंदीच्या जाळीत आम्ही तिघांनी त्याला सोडलं. तो डुलत डुलत आत गेला आणि पानांत दिसेनासा झाला. परतताना वाटेत चहाच्या टपरीवर थांबलो. मामांनी सवयीने तीन चहा सांगितले, मग अडखळून मामीकडे वळले. “तुला चहाच हवाय ना?”

मामी हसली. “मला चहा कधीच आवडला नाही. तुम्ही पिता म्हणून पिते. शेजारी उसाचा रस आहे बघा.”

आता दोघंही नाहीत. तो रस्ता रुंद झाला, करवंदीची जाळी कुठे होती तेही मला सांगता येणार नाही. पण त्या दुपारी मामीने रसाचा ग्लास एका दमात संपवला होता, आणि मामांनी आपला ग्लास तिच्यापुढे सरकवला होता.