पापणी हलवा

घर सोडताना माणूस मागे वळून बघतो, तेव्हा त्याचं अर्धं आयुष्य तिथेच राहून जातं. मी सहार विमानतळाच्या दारातून मागे वळून बघितलं, तेव्हा मनात एवढंच आलं की बाबांचा होल्ड फार लांबलाय.

होल्ड हा आमच्या धंद्यातला शब्द. कार्टूनमधलं पात्र क्षणभर स्थिर ठेवायचं, तो होल्ड. मला तो एका अमेरिकन म्हाताऱ्याने शिकवला. थिएटरात मुख्य सिनेमाआधी कार्टून दाखवत त्या काळात हा लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत एक गाढव काढायचा. गाढव जगप्रसिद्ध झालं. याचं नाव पडद्यावर कधी आलं नाही. पुढे थिएटरातली कार्टून बंद झाली, टीव्हीचं स्वस्त काम आलं, मग तेही आणखी स्वस्तात अंधेरीला, आमच्या स्टुडिओत आलं. ज्यांनी त्याचं काम आमच्याकडे पाठवलं, त्यांनीच सत्तरीत त्यालाही पाठवलं, आम्हाला शिकवायला. स्वागत समारंभात त्याला शाल, नारळ आणि 'महर्षी' ही पदवी मिळाली. त्याने नारळ कानाशी हलवून बघितला.

"पूर्ण थांबलेलं पात्र मेलेलं दिसतं," तो म्हणायचा. "काही नाही तर पापणी हलवा."

मग कॉम्प्युटर आले, हाताने काढायचं काम संपलं, आणि मी बहारीनला निघालो. बाबा चिपळूणच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते; गाड्या सोडण्यात जन्म गेलेला. विमानतळावर म्हणाले, "पोचलास की कळव. नाही पोचलास तर कळेलच." आणि खिशात हात घालून उभे राहिले.

इथे बहारीनमध्ये मी तुबली भागातल्या वर्कशॉपांसाठी सेफ्टीच्या कार्टून फिल्म करतो. माझा बिनहेल्मेटचा माणूस रोज शिडीवरून पडतो. फ्लॅट जवळच्याच रिफा गावात आहे. मुलीला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. तो अमेरिकन म्हातारा परत जाऊन वारल्याचं मला वर्षभराने कळलं. काही वाटलं नाही. साइटवर जायचं होतं.

बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल असतो; चिपळूणला आई त्यांच्यासमोर फोन धरते. ते बोलत नाहीत. त्यांना सगळं कळतं, असं डॉक्टर म्हणतात. आम्हाला ते कसं कळायचं, हे डॉक्टर सांगत नाहीत. मी त्यांच्या पापणीकडे बघत बसतो. ती हलली की माझा आठवडा झाला.

गेल्या शुक्रवारी ती हलली नाही. बराच वेळ. मुलगी मागून म्हणाली, "बफरिंग, बाबा. ही इज फाइन." मी फोन धरून उभा राहिलो. चित्र तसंच होतं, आणि त्यातून आईचा आवाज आला.

"अरे, हल की मेल्या! केव्हाचा पुतळ्यासारखा दिसतोयस. यांनी इथे माझं मनगट आवळून धरलंय. सोडत नाहीत, तुझ्याकडेच बघतायत."

घर कुठे, असं इथे कुणी विचारलं की मी रिफा सांगतो. त्या घरात मी तासभर हललो नाही, तर मी काम करतोय असं समजतात.

राउटर बंद करून पुन्हा चालू केला.