शीतलच्या हातची गोळी

शनिवारी कंपनीत हाफ डे टाकला आणि सासूबाईंना घेऊन उल्हासनगरला गेले, कॅम्प दोनच्या माझ्या डॉक्टर मॅडमकडे. हे सगळ्यांसमोर लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं... आता लंच टाइममध्ये कॉम्प्युटर मोकळा मिळालाय, तर लिहूनच टाकते.

मला पीसीओएस आहे. माझी धाकटी जाऊ शीतल, तिलाही तेच. तिने अंडं तयार होण्याची गोळी घेतली आणि दुसऱ्याच महिन्यात गोड बातमी! मला तीच गोळी चार महिने, डोस वाढवून वाढवून... सोनोग्राफीत दर वेळी अंडं तयारच नाही.

आमचं बौद्ध घर. नवस, अंगारे काही चालत नाही आणि सासूबाईंना त्याचा केवढा अभिमान! पण त्यांनीच ठरवलं, शीतलला गुण आला ना, मग गोळी शीतलच्याच हातून द्यायची. दर महिन्याचे गोळीचे ते पाच दिवस शीतल कडेवर बाळ घेऊन ग्लास आणणार, मी तोंड उघडणार आणि सासूबाई गिळली का ते बघणार. शीतल बिचारी खाली मान घालून उभी असायची.

मला बाळ हवं होतं, म्हणून गप्प बसले. पण मग आमच्या बुवापाड्यात कुजबुज सुरू झाली... हिला नोकरी प्यारी, गोळी मागच्या मागे थुंकते. हे सासूबाईच नळावर बोलल्या होत्या हे कळलं, तेव्हा फार लागलं मला.

शनिवारी त्यांनी मॅडमना थेट सांगितलं, "हिला जरा दमात घ्या. गोळ्या नीट खात नाय ही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मावशी, गोळी नीट घेऊनही काही जणींना ती लागू पडत नाही. शरीराचं हे वळण थोडंफार आईबापांकडून, जीन्समधून येतं. कोणाला लागू पडेल हे आधीच सांगणारी टेस्ट अजून माझ्याकडे नाही. तुमच्या सुना दोन वेगळ्या घरच्या ना?"

 सासूबाईंनी हळूच विचारलं, "म्हंजे हिच्या हातात नव्हतं?"

"नाही."

मॅडमनी मला दुसरं औषध लिहून दिलं.

आज सकाळी नव्या औषधाचा पहिला दिवस. शीतल सवयीने ग्लास घेऊन आली... सासूबाईंनी तो काढून घेतला आणि माझ्या हातात दिला. "तू बाळाला बघ. तिचं औषध ती घेईल."

मग दारात जाऊन, नळावरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चार महिने गोळी घेतली पोरीने. माझ्या डोळ्यांसमोर. गोळीच लागू पडली नाय तिला."

बाळाचं पुढे काय होईल, माहीत नाही... पण आज कळशी घेऊन नळावर गेले, तेव्हा किती महिन्यांनी मान वर होती माझी. थँक यू, मॅडम. आणि आई, तुम्हालाही.