सरोजताईंनी पुसलेल्या कॅसेटी

सरोज पांढरीपांडे आणि मी भोपाळला एकाच संचालनालयात नोकरीला होतो. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. ऑफिसात दिवसभर हिंदी चालायची, म्हणून डब्याच्या सुट्टीत आम्ही दोघी मराठी बोलायला एकत्र बसायचो. आता दोघीही निवृत्त आहोत आणि नेहरू नगरात समोरासमोर राहतो. इतक्या वर्षांत मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. गणपतीच्या आरतीलासुद्धा त्या नुसत्या टाळ्या वाजवत उभ्या राहायच्या. एके काळी त्या संगीत नाटकात नायिका होत्या हे मला कळलं ते दोन वर्षांपूर्वी, सत्यजित घाटोळे त्यांचं घर शोधत आला तेव्हा.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. सरोजताई तेव्हा चौतिशीच्या, राहायला शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. आजूबाजूला नागपूर-अमरावतीकडून नोकरीनिमित्त आलेली बरीच मराठी बिऱ्हाडं. त्यांतल्याच नीळकंठ उमाळकर नावाच्या इंजिनिअरनी एक नाटक लिहिलं, ‘घाटावरची साक्ष’. नर्मदेच्या घाटावर नाव बुडते. चूक एका सरदाराची असते, आळ नावाड्यावर येतो, आणि नावाड्याची बायको भर दरबारात उभी राहून खरं काय ते सांगते. नाटकात अकरा पदं होती, चालीही उमाळकरांनीच लावलेल्या. नावाड्याच्या बायकोचं काम सरोजताईंना मिळालं. तिच्या शेजारणीचं छोटं काम मंजूषा घाटोळेला. तिला दुसऱ्या अंकात एकच पद होतं.

भोपाळचा प्रयोग घरच्यासारखाच झाला आणि सगळ्यांना आवडला. त्या प्रयोगाला पुण्याचे एक पाहुणे होते. त्यांच्या ओळखीनं पुण्याच्या एका संस्थेनं नाटकाला बोलावलं, आणि त्याआधी नागपुरातही एक प्रयोग ठरला. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की पदांची कॅसेट काढू, पुण्याला थिएटरबाहेर ठेवता येईल. सरोजताईंचे यजमान रवींद्रराव वीज मंडळात टेक्निशियन होते, यंत्रांचे शौकीन. मे महिन्याच्या दोन रविवारी त्यांनी कॉलनीतल्या महिला मंडळाच्या खोलीत रेकॉर्डिंग केलं. आवाज येतो म्हणून पंखे बंद, खिडक्यांना गोधड्या लावलेल्या. नागपूरच्या एका दुकानानं त्यावरून दोनशे कॅसेटी तयार करून दिल्या. वर छापलं होतं, ‘पुणे प्रयोगानिमित्त’.

पुण्याचा प्रयोग झालाच नाही. नागपूरला जाताना बसच्या धुळीनं सरोजताईंचा घसा बसला. दोन अंक त्यांनी कसेबसे निभावले. तिसऱ्या अंकात दरबारातलं साक्षीचं पद आलं आणि वरच्या सुरावर आवाज फाटला. त्यांनी ओळ पुन्हा घेतली, पुन्हा तेच. मागच्या रांगांतून कुणीतरी हसलं. मग खुर्च्या वाजायला लागल्या, लोक उठून जायला लागले. दोन दिवसांनी एका पेपरात आलं, ‘नायिकेच्या गळ्यानंच साक्ष फिरवली.’ आठवडाभरात पुण्याहून पत्र आलं की तूर्त जमणार नाही. उमाळकर सरोजताईंना एका शब्दानं बोलले नाहीत, पण त्यांनी पुढं काही लिहिलंही नाही. वर्षभरात त्यांची जबलपूरला बदली झाली. काही वर्षांपूर्वी ते तिकडंच वारले.

दोनशेपैकी चाळीसेक कॅसेटी वाटल्या गेल्या होत्या. उरलेली खोकी सरोजताईंच्या पलंगाखाली आली.

सत्यजित आला तो मार्चमधल्या एका रविवारी सकाळी. चाळिशीला टेकलेला, भोपाळजवळच मंडीदीपला एका कंपनीत इंजिनिअर. मी ताईंकडेच बसले होते.

“काकू, मी मंजूषा घाटोळेंचा मुलगा,” तो म्हणाला. “मी तीन वर्षांचा होतो तेव्हा आई गेली, काविळीनं. आईचे तीन फोटो आहेत माझ्याकडे. पण आवाज कसा होता ते मला माहीतच नाही. पापा आता सांगतात की तुमच्या नाटकाची कॅसेट निघाली होती. आमच्याकडची आजीच्या सामानाबरोबर कुठं गेली, पता नाही. तुमच्याकडे असेल एखादी, तर एकदा ऐकू द्या, बस.”

सरोजताईंच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी खाली ठेवला.

“नाही रे बाळा,” त्या म्हणाल्या. “त्या क्वार्टरमध्ये फार ओल होती. सगळ्या खराब झाल्या.”

“मूळ टेप?”

“ती नागपूरच्या दुकानात राहिली. ते दुकानही आता नाही.”

रवींद्रराव खिडकीशी पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली, ताईंकडे पाहिलं आणि परत पेपरात घातली. सत्यजितनं आणखी दोन-चार प्रश्न विचारले. आई कशी बोलायची, उंच होती का. मग फोन नंबर ठेवून तो गेला.

चौथ्या दिवशी दुपारी सरोजताई माझ्याकडे आल्या. दार उघडल्या उघडल्या म्हणाल्या, “मी त्या मुलाशी खोटं बोलले.”

कॅसेटी ओलीनं गेल्या नव्हत्या. नागपूरनंतर त्या खोक्यांकडे बघितलं तरी ताईंना ते हसू ऐकू यायचं. फेकून द्यायला हात धजेना. मग त्यांनी दुसरी वाट काढली. महिला मंडळाच्या बायकांना भजनाच्या सरावासाठी कोऱ्या कॅसेटी लागायच्या. ताईंनी प्रत्येक कॅसेटच्या मागच्या खाचेवर स्वतःच्या हातानं चिकटपट्टी लावली, म्हणजे तिच्यावर पुन्हा भरता येतं, आणि दहा-दहा, वीस-वीस करत दोन वर्षांत सगळ्या वाटून टाकल्या.

“वाटताना प्रत्येकीला सांगितलं, यावर जुनं काही आहे, ते पुसून वापरा. मला माझाच आवाज पुसायचा होता गं. त्यात मंजूषा होती, नावाड्याचं काम करणारे गोडबोले होते, तो तबलजी होता. त्यांचं मनातसुद्धा आलं नाही. शेवटचं खोकं दिलं तेव्हा तर मंजूषा जाऊन वर्ष झालं होतं.”

“रवींद्ररावांनी अडवलं नाही?”

“एकदा म्हणाले, एक तरी ठेव. मी दोन दिवस जेवले नाही. मग ते गप्प बसले.”

मी म्हटलं, त्याला सांगा तर खरं. त्यांनी माझ्याच घरातून फोन लावला. स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, “ठीक है, काकू,” आणि फोन बंद झाला. ताई पदराचं टोक मुठीत धरून बसून राहिल्या. त्यानं रागावून दोन शब्द बोलायला हवे होते, असं त्या नंतर मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला लागल्या. महिला मंडळाची जुनी वही काढली, कुणाकुणाला कॅसेटी दिल्या होत्या ते आठवून नावं लिहिली. बहुतेक बायका आता नव्हत्या, किंवा मुलांकडे पुण्याला, इंदूरला गेल्या होत्या. एकाहत्तर वर्षांच्या बाईनं अनोळखी सुनांना आणि नातवांना फोन करून विचारायचं, तुमच्याकडे जुन्या कॅसेटी आहेत का. काही जण हसले, काहींनी फोनच ठेवला. कुणाच्या कॅसेटी भंगारात गेल्या होत्या, कुणाच्या पुरात.

दीड महिन्यानं सुचेता वऱ्हाडपांडेंचा पत्ता लागला. त्या ऐंशीच्या पुढच्या, बिट्टन मार्केटजवळ मुलाकडे राहतात. त्यांनी काहीच टाकलं नव्हतं. पलंगाच्या कप्प्यातून त्यांनी एक बिस्किटांचा डबा काढून दिला. आत तीन कॅसेटी होत्या, तिन्हींच्या खाचेवर पिवळी पडलेली चिकटपट्टी.

माझ्याकडे सासऱ्यांचा जुना टू-इन-वन, रेडिओ-टेप, आहे आणि तो चालतो, म्हणून ऐकायचं माझ्या घरी ठरलं. ताईंनी सत्यजितला कळवलं. तो येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण शनिवारी दुपारी तो आला, कुणाशी फारसं न बोलता मशीनजवळ जमिनीवर बसला.

पहिली कॅसेट दोन्ही बाजूंनी भजनांची निघाली. दुसरीही. एकेक बाजू पूर्ण ऐकायची म्हणजे अर्धा तास. तिसरीच्या पहिल्या बाजूवर मुलांचं पाठांतर होतं. मंजूषाचं पद मूळ कॅसेटवर त्याच बाजूला होतं, हे ताईंना माहीत होतं. ती बाजू संपली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

रवींद्ररावांनी उठून कॅसेट उलटली. पुन्हा भजन. वीसेक मिनिटांनी टाळ थांबले, कुणीतरी बटण दाबल्याचा खट्ट आवाज झाला आणि तबला सुरू झाला. मागून सहा-सात जण एकत्र गात होते. नाटकाचं शेवटचं पद होतं ते, अर्ध्यातून सुरू झालेलं. बायकांचे तीन आवाज, पण कुठला कुणाचा ते कळत नव्हतं. सत्यजित पुढं वाकला. पद संपलं.

“थांबा,” रवींद्रराव म्हणाले. “बंद करू नका. तेव्हा माझं मशीन चालूच राहिलं होतं. ते कापायचं राहून गेलं.”

थोडी खरखर झाली, एक खुर्ची सरकली, आणि एक बाई बोलली. जरा बसका, घाईतला आवाज.

“झालं ना सगळं? मी निघते हं. सतू आजीजवळ आहे, उठला असेल तर रडून घर डोक्यावर घेतलं असेल त्यानं.”

मग एक पुरुष काहीतरी म्हणाला, ती हसली, दार वाजलं आणि टेप संपली.

सत्यजितनं विचारलं, “हीच ना?”

“हीच,” सरोजताई म्हणाल्या. “मंजूषा.”

“सतू मला कुणी म्हणत नाही.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “एकदा परत लावाल का, काका?”

रवींद्ररावांनी नऊ वेळा लावलं. शेवटी त्यानं ते मोबाइलवर उतरवून घेतलं. निघताना तो ताईंसमोर उभा राहिला. मला वाटलं नमस्कार करील. तो म्हणाला, “मी अजून नाराज आहे, काकू. झूठ नाही बोलणार. पण तुम्ही शोधलंत.” ताई म्हणाल्या, “नाराज राहा. पण येत जा.”

तो येत राहिला, महिन्या-दोन महिन्यांनी. एकदा त्यानं विचारलं, आईचं ते पद कसं होतं. सरोजताई गायल्या, मांडीवर ठेका धरत, अगदी खालच्या पट्टीत. ‘दिवा कुणाचा वाहुन गेला, मोजू नको गं बाई.’ आवाज थरथरत होता, मधे दोनदा तुटला, तरी त्या थांबल्या नाहीत. झाल्यावर म्हणाल्या, “चाल अशी होती. तिचा आवाज याच्यापेक्षा पुष्कळ चांगला होता.”

त्या दिवशी तो गेल्यावर रवींद्रराव म्हणाले, “नागपूरचा प्रयोग साडेतीन तासांचा झाला होता, सरोज. लोकांना शेवटची बस गाठायची होती.” ते खरं होतं की समजूत काढायला म्हटलेलं, हे ताईंना ठरवता आलं नाही. इतक्या वर्षांत हे आधी का बोलला नाहीत, असंही त्यांनी विचारलं नाही.

आता त्यांनी एक वही केली आहे. अकरापैकी नऊ पदं पूर्ण आठवली, ती चालीसकट लिहून झाली. गोडबोल्यांच्या मुलीला एक प्रत पाठवली, एक जबलपूरला उमाळकरांच्या घरी. दहाव्यातल्या दोन ओळी काही केल्या सापडत नाहीत. अकरावं साक्षीचं. ते त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे, पण अजून लिहिलेलं नाही. परवा मी गेले तेव्हा त्यांनी पेन्सिलीनं नुसतं त्या पदाचं नाव घातलं होतं आणि पानाला रेघा मारत होत्या.