सहा पेट्या आणि चाळीस पावलं

आमच्या ह्यांच्या शोकसभेचं मला छापील निमंत्रण आलं. बायकोला! नवऱ्याच्या शोकसभेला येऊन मी कार्यक्रमाची शोभा वाढवावी, अशी वाचनालयाच्या समितीची नम्र विनंती होती. कपाळ माझं!

हे पोस्टात पार्सलं तोलायचे. चौतीस वर्षं तोलली. उरलेला सगळा वेळ लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात. रक्तदान शिबिराच्या खुर्च्या मांडायच्या ह्यांनी, गल्लीतल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं ह्यांनी, वाचनालयाचं छप्पर गळलं तर शिडीवर चढायचं तेही ह्यांनीच. आमच्या मोरीतला नळ मात्र दोन वर्षं ठिबकत होता. "उद्या बघतो," म्हणायचे. शेवटी मीच माणूस बोलावून बसवून घेतला.

आणि त्या मधमाश्या! वाचनालयाच्या मागच्या अंगणात, भिंतीला लागून ह्यांच्या सहा पेट्या. कुणाच्या गच्चीत पोळं लागलं की फोन आमच्या घरी. "माशीकाका आहेत का?" ताटावरून उठून जायचे. पोळं अलगद उतरवून आणायचे, आणि त्या घरातलं माणूस दारातूनच, अर्धं दार लावून, "थँक्यू हं" म्हणायचं. गरज सरो, वैद्य मरो. ह्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं, म्हणून मी भांडायचे. त्यावर उत्तर म्हणून हे जेवताना माश्यापुराण लावायचे. राणी काय करते, कामकरी काय करतात, पेटी कशी हलवायची. मी म्हणायचे, "माणसांबद्दल बोला की जरा." तीस वर्षांत मी एकदाही त्या पेट्यांजवळ गेले नाही. मला भीती वाटते, आणि त्यात लाज कसली?

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत म्हणाले, "फुलोरा चालू आहे. पेट्या हलवू देऊ नकोस. तेवढं बघ." अख्ख्या संसारात माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं, तेही माश्यांसाठी. मी चिडूनच 'बघते' म्हटलं. तिसऱ्या दिवशी हे गेले.

महिन्याभराने वाचनालयाचे अध्यक्ष घरी आले. सभा मागच्या अंगणातच घेणार होते, 'त्यांच्या कर्मभूमीत'. व्यासपीठ भिंतीला लागून हवं, म्हणून पेट्या तेवढ्या समोरच्या कुंपणापाशी सरकवायच्या.

"सरकवायच्या नाहीत," मी म्हटलं. "माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. हलवायचीच तर रोज वीतभर, नाहीतर एकदम चार-पाच किलोमीटर लांब. मधलं काही चालत नाही."

"अहो वहिनी, चाळीस पावलांचा तर प्रश्न आहे!" अध्यक्ष हसले. पालथ्या घड्यावर पाणी.

रविवारी सकाळी जाऊन बघते तर पेट्या कुंपणापाशी. आदल्या रात्री चार हमाल लावून हलवल्या होत्या. "एक माशी उडाली नाही, वहिनी," चिटणीस मला सांगत होते. कशी उडेल? अंधारात त्या घरात असतात. त्यातून सकाळ ढगाळ होती. सभा नऊला सुरू झाली आणि साडेनऊला ऊन पडलं.

अध्यक्ष बोलत होते. "माशीकाका गेले, पण त्यांचं कार्य आपण सर्व जण पुढे नेऊ!" टाळ्या. तेवढ्यात मकरंद घेऊन पहिल्या माश्या परतल्या, त्या सरळ आपल्या जुन्या जागी. जुनं दार होतं तिथे आता अध्यक्षांचं पोट होतं. आधी दहा, मग शंभर, मग मोजणारा कोण! चावत नव्हत्या बिचाऱ्या, नुसत्या दार शोधत होत्या. पण कार्य पुढे नेणारे सर्व जण खुर्च्या पाडत आत पळाले आणि काचेचं दार लावून घेतलं. अध्यक्ष सगळ्यात पुढे.

आतून चिटणिसांनी फवारणीवाल्याला फोन केला. तो अर्ध्या तासात येतो म्हणाला. म्हणजे अर्ध्या तासात सगळ्या मरणार.

मी दारावर थाप मारली. "पेट्या जागेवर ठेवल्या की पाच मिनिटांत मिटेल. भरलेली पेटी एकटीने उचलत नाही. दोन माणसं द्या." आत साठ माणसं होती. त्यातल्या निम्म्यांच्या गच्च्या ह्यांनी मोकळ्या केल्या होत्या. कुणी बूट बघत होतं, कुणी फोन. एक जण काचेतून म्हणाला, "काकू, तुम्ही पण आत या."

"मरा तिकडे!" मी म्हटलं.

दुसरा उपाय मला ठाऊक होता. जुन्या जागी रिकामी पेटी ठेवायची आणि तिच्यात भरल्या पेटीतली, अंडी असलेल्या पोळ्याची एक चौकट घालायची, म्हणजे परतलेल्या माश्या तिथे बसतात. मेलं ते माश्यापुराण, सगळं पाठ झालं होतं! पायऱ्यांखालच्या खोलीतून ह्यांची जाळीची टोपी आणि रिकामी पेटी आणली. व्यासपीठावरचं टेबल ओढून बाजूला पाडलं आणि तिथे ती पेटी ठेवली. मग कुंपणापाशी गेले. भरलेल्या पेटीचं झाकण उघडलं, चौकट ओढली, अंगण ओलांडून चालत नेली आणि रिकाम्या पेटीत उतरवली. माश्या तिच्या दाराशी उतरायला लागल्या. एकेक करत आत जायला लागल्या.

फवारणीवाला आला तेव्हा हवेत पाच-पंचवीस राहिल्या होत्या. "मारायचं काय?" त्याने विचारलं. मी काचेकडे बोट दाखवलं. तो हसला आणि निघून गेला.

आता त्या भरल्या पेटीचं झाकण लावायचं राहिलं होतं. लावताना एक माशी मनगटावर डसली. आई गं! डोक्यापर्यंत कळ गेली. मी तिथेच मटकन बसले आणि ओक्साबोक्शी रडले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच.

"बघा, म्हणूनच आम्ही फवारणी म्हणत होतो!" अध्यक्ष काचेआडून ओरडले.

हे दर आठवड्याला सुजलेले हात घेऊन घरी यायचे. मी विचारायचे, "दुखतंय का?" हे म्हणायचे, "छे गं, सवय झाली." आणि मी तीस वर्षं ते खरं धरून चालले होते.